माल गोदामात, पावती हाती

व्यापारी घराण्यांत जुन्या वह्या सहसा टाकल्या जात नाहीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, लाल कापडी बांधणीची रोजमेळाची वही माळ्यावरच्या पेटीत असते आणि ती उघडण्यासाठी डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही. मजकूर मोडीत असला तर वाचणारा शोधावा लागतो, एवढेच. सन 2000 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र याच घराण्यांनी आपले विवाह, साखरपुडे, नव्या घरातील प्रवेश आणि वडीलधाऱ्यांचे आवाज सीडी-डीव्हीडीच्या तबकड्यांवर साठवले. त्या तबकड्या आजही कपाटात आहेत. त्या वाचणारे यंत्र तेवढे घरातून निघून गेले आहे.

ते कधी गेले, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. नवा लॅपटॉप घेताना वजन पाहिले जाते, किंमत पाहिली जाते. कडेला तबकडी घालण्याचा कप्पा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. पुढे एखाद्या दिवशी जुने काही पाहावेसे वाटते आणि तेव्हा हा अभाव जाणवतो.

बार्शीतील एका आडत्यांच्या घरी गेल्या दिवाळीनंतर असा दिवस आला. खाली पेढी, वर दोन मजल्यांवर राहते घर. कर्ते पुरुष बाबूजी जाऊन बरीच वर्षे झालेली. आजींचे वय 84. गुडघ्यांमुळे त्यांनी जिना उतरणे सोडले आहे. वहीपूजनाच्या संध्याकाळी, जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपल्यावर, बोलता बोलता त्या म्हणाल्या, “बाबूजी बोलले होते ते पोराने भरून ठेवले होते ना? ते एकदा ऐकवा.”

भरून ठेवले होते, ही गोष्ट खरी. 2004 च्या दिवाळीत, तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या नातवाने संगणकाला माइक जोडून आजोबांना बोलते केले होते. बार्शीत ते कसे आले, पहिले दुकान भाड्याने कसे मिळाले, रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत कशी होती, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, असे एक्केचाळीस मिनिटांचे बोलणे. नातवाने त्याचे सात भाग पाडून ते गाण्यांच्या सीडीसारखे नोंदवले होते, कारण त्या काळी मोटारीतल्या प्लेअरवर तशीच सीडी चाले. वरच्या बाजूस बॉलपेनने ‘बाबूजी, दिवाळी 2004’ असे लिहून ती इतर बत्तीस तबकड्यांसोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली.

डबा सापडला. घरात लॅपटॉप चार, पण कप्पा एकालाही नाही. तबकडी वाचू शकणारा एकमेव संगणक खाली पेढीवर होता, 2011 साली घेतलेला. जुन्या वर्षांचे हिशेब पाहण्यापुरताच तो आता चालू केला जाई. यूएसबीने जोडायचा सुटा ड्राइव्ह बाजारात फार महाग नाही आणि ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी तो घेऊन ठेवणे शहाणपणाचेच आहे. परंतु चालू स्थितीतील वस्तू घरात असताना दुसरी विकत घेणे हा या घराचा स्वभाव नव्हे. शिवाय पेढी आणि घर एकाच राउटरवर जोडलेले. तेव्हा तबकडी खाली ठेवायची आणि वर आजींच्या खोलीत पाहायची-ऐकायची, असे ठरले.

ही व्यवस्था वाटते तितकी अवघड नाही. ज्या संगणकाला ड्राइव्ह आहे त्यावर त्या ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘शेअरिंग’ उघडायचे, ड्राइव्हला एक सोपे नाव द्यायचे आणि परवानगी केवळ वाचण्याची ठेवायची. दुसऱ्या संगणकावरून पहिल्याचे नाव आणि ड्राइव्हचे नाव लिहिले की खालच्या मजल्यावरची तबकडी वरच्या पडद्यावर एखाद्या फोल्डरसारखी उघडते.

पेढीच्या संगणकावर हिशेब असतात, म्हणून येथे थोडा सावधपणा हवा. घाईत कोणी सबंध संगणकच सर्वांना खुला करून टाकतो. तसे करण्याचे कारण नाही. खुला करायचा तो फक्त तबकडीचा ड्राइव्ह, तोही वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने आणि पासवर्डासह. काम संपले की पुन्हा बंद. या घरचा जुना संगणक विंडोज 7 वर चालणारा होता आणि त्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे 14 जानेवारी 2020 रोजीच थांबले आहे. त्यामुळे असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवावे आणि घरातल्या घरातच वापरावे.

ज्यांच्याकडे याहूनही जुना, विंडोज एक्सपीचा संगणक आहे, त्यांना निराळीच अडचण येईल. दोन संगणकांमध्ये फाइलींची देवघेव ज्या ठराविक भाषेत होते तिला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची पहिली आवृत्तीच येते. 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांत जो शिरकाव केला तो याच पहिल्या आवृत्तीतील फटीतून. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज 10 च्या नव्या प्रतींमध्ये ही आवृत्ती मुळातच बंद ठेवलेली असते. साहजिकच नवा लॅपटॉप जुन्या संगणकाशी बोलत नाही. ती आवृत्ती मुद्दाम सुरू करण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एका लग्नाच्या चित्रफितीसाठी पेढीचे मागचे दार उघडे टाकण्यासारखे ते आहे. तो सल्ला ऐकू नये. एक्सपीच्या संगणकावरच तबकडी उघडून ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

असो. पहिल्या संध्याकाळी थोरल्या मुलीच्या लग्नाची 2001 सालची सीडी लावली आणि ती विनासायास दिसली. या तबकड्यांना व्हिडिओ सीडी म्हणतात. त्यांचे मानक 1993 सालचे. चित्राची रुंदी 352 ठिपके आणि उंची 288, म्हणून आजच्या मोठ्या पडद्यावर चेहरे जरा विरघळल्यासारखे दिसतात. पण त्यामुळेच दर सेकंदाला वाहून न्यायची माहितीही अल्प असते, सुमारे दीड मेगाबिट. घरातील साध्यातले साधे वायफायही इतके ओझे सहज पेलते. तबकडीतील ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ या शेपटीची मोठी फाइल असते. व्हीएलसी हा मोफत मिळणारा प्लेअर ती थेट उघडतो. नंतरच्या काळातील लग्नांच्या डीव्हीडींचेही असेच. त्यांत ‘व्हिडिओ टीएस’ असा फोल्डर असतो आणि छायाचित्रकाराने तयार केलेल्या या तबकड्यांना सहसा कुलूप नसते. दुकानातून विकत आणलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीला मात्र कुलूप असते. त्याची किल्ली प्लेअरला प्रत्यक्ष ड्राइव्हशी बोलून मिळवावी लागते, त्यामुळे नेटवर्कवरून त्या पुष्कळदा अडतात. घरच्या डब्यात तशी एकही नव्हती.

आजींनी लग्न पाहिले. पंगतीत वाढणारी जी माणसे आता नाहीत, त्यांची नावे त्या एकेक करून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबूजींच्या सीडीची पाळी आली. पुतण्याने ती खाली ड्राइव्हमध्ये घातली, वर येऊन लॅपटॉप उघडला, तर सात फाइली ओळीने दिसत होत्या. रोज रोज खाली जाणे नको म्हणून त्याने त्या सातही लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. धाकट्या सुनेला तो म्हणाला, “काकी, झाली बघा कॉपी. डोळ्याचे पाते लवायच्या आत!” बाकीच्या तबकड्यांचेही आज-उद्या असेच उरकून टाकू आणि हा डबा भंगारवाल्याला देऊन टाकू, असेही त्याने जाहीर केले.

धाकटी सून पेढीचे हिशेब पाहते. तिने ऐकण्याआधी फाइलींचा आकार पाहिला. प्रत्येकीपुढे एक केबी लिहिले होते. “एक्केचाळीस मिनिटांचे बोलणे एवढ्याशा जागेत मावले कसे रे?” असे तिने विचारले. फाइल उघडून पाहिली. आवाज आला नाही. सातांपैकी एकही वाजली नाही.

तिची शंका रास्त होती, हे साध्या गुणाकाराने कळते. गाण्यांच्या सीडीवर आवाज दर सेकंदाला 44,100 वेळा मोजून नोंदवलेला असतो. प्रत्येक मोजणीस दोन बाइट आणि डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट. एक्केचाळीस मिनिटांचे 2,460 सेकंद. गुणाकार 43 कोटी 39 लाख बाइटांच्या पुढे जातो. लॅपटॉपवर उतरलेल्या फाइली प्रत्येकी 44 बाइटांच्या, म्हणजे सात मिळून 308.

या फाइलींची शेपटी ‘सीडीए’ अशी असते आणि सर्व घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. गाण्यांची सीडी फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी तयार केली आणि 1982 साली जपानच्या बाजारात आणली, ती संगणकासाठी नव्हे. तिच्यावर फाइली नसतात, फोल्डर नसतात. असतो तो आतून बाहेर चक्राकार जाणारा आवाजाचा एक अखंड प्रवाह, आणि आरंभी कोणते गाणे कोठे सुरू होते याची यादी. विंडोजला सर्व काही फाइलींच्या रूपात दाखवण्याची सवय, म्हणून ती त्या यादीवरून प्रत्येक गाण्यासाठी एक चिमुकली फाइल आपल्याच मनाने तयार करून दाखवते. तिच्यात लिहिलेले असते ते इतकेच: भाग अमुक क्रमांकाचा, तमुक ठिकाणी सुरू, इतक्या लांबीचा. आवाजाचा एक कणही तिच्यात नसतो.

व्यापाऱ्याला हे समजायला गोदामाच्या पावतीचे उदाहरण पुरे. पावतीवर तुरीची पोती किती, कोणत्या थप्पीत, हे सर्व बिनचूक असते. पावती खिशात घालून पुण्याला जाता येते, पण म्हणून तूर पुण्याला जात नाही. पावती दाखवल्यावर माल मिळतो तो गोदामाच्या दारातच. सीडीए फाइल खालच्या संगणकावर उघडली तर प्लेअर तिथल्या ड्राइव्हला आज्ञा देतो आणि आवाज निघतो. तीच फाइल वरच्या मजल्यावर उघडली तर आज्ञा द्यायला तिथे ड्राइव्हच नाही. नेटवर्कची वाट फाइलींसाठी बांधलेली आहे. व्हिडिओ सीडीवर खरोखरीच फाइल होती म्हणून लग्न वर आले, बाबूजींच्या सीडीवर नव्हती म्हणून केवळ पावत्या आल्या.

हा दोष पेढीच्या जुन्या संगणकाचा नव्हता. जानेवारी 2008 मध्ये ॲपलने मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप सादर केला तेव्हा त्यातून ड्राइव्ह काढून टाकला होता आणि त्याऐवजी ‘रिमोट डिस्क’ नावाची सोय दिली होती. शेजारच्या दुसऱ्या संगणकाचा, मग तो मॅक असो वा विंडोज, ड्राइव्ह वायफायवरून वापरायचा. प्रोग्रॅम बसवण्यासाठी आणि फाइली वाचण्यासाठी ती सोय होती. गाण्यांच्या सीडी आणि चित्रपटांच्या डीव्हीडी तिच्यातून वगळलेल्या होत्या. ज्यांनी ड्राइव्ह उसना देण्याची कल्पना इतक्या डौलाने मांडली, त्यांनाही हा माल गोदामाबाहेर काढता आला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या प्रकारात सर्वांत मोठा धोका न वाजण्याचा नाही. न वाजणारी फाइल निदान लगेच कळते. धोका आहे तो ‘कॉपी झाली’ या समाधानाचा. पुतण्याने त्या दिवशी फाइली न ऐकता पेनड्राइव्हवर टाकल्या असत्या आणि डबा भंगारात गेला असता, तर चार वर्षांनी कोणीतरी पेनड्राइव्ह उघडला असता आणि हाती 308 बाइट लागले असते. किती घरांत असे घडून गेले असेल, याची कल्पना न केलेली बरी.

उपाय सरळ होता. माल गोदामातच मोजून, पोत्यांत भरून, मग पाठवायचा. खालच्याच संगणकावर विंडोज मीडिया प्लेअरमधील ‘रिप’ची सोय वापरून सीडीवरचा आवाज खऱ्याखुऱ्या फाइलींत उतरवायचा आणि त्या फाइलींचा फोल्डर वर खुला करायचा. फाइलीचा प्रकार ‘वेव्ह’ निवडला तर आवाजात काटछाट होत नाही. एमपीथ्री निवडला तर जागा पुष्कळ वाचते, पण जो आवाज पुन्हा भरता येणार नाही त्याच्या बाबतीत जागेची काटकसर कशासाठी? याच प्लेअरच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हसाठी चूक-दुरुस्तीचा एक पर्याय असतो, तोही निवडावा. वेळ अधिक लागतो, तो लागू द्यावा.

चार भाग नीट उतरले. पाचव्यात ड्राइव्ह अडखळू लागला. तबकडी बाहेर काढून पाहिली तेव्हा चकाकती बाजू स्वच्छ होती, ओरखडा नव्हता. कारण वरच्या बाजूस होते. आपल्याकडे सर्वांचा समज असा की चकाकती बाजू जपली म्हणजे झाले. वस्तुतः सीडीमध्ये नोंद असते ती नाव लिहायच्या बाजूस, लाखेच्या पातळ थराच्या लगेच खाली. चकाकत्या बाजूने सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिकचे संरक्षण असते, वरून जवळजवळ काहीच नसते. बॉलपेनचे टोक दाबून लिहिलेले ‘बाबूजी’ हे अक्षर आतल्या थरापर्यंत पोहोचले होते. डीव्हीडीत नोंदीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती या बाबतीत अधिक सुरक्षित. शिवाय घरी नोंदवलेल्या सीडीत नोंद रंगद्रव्याच्या थरावर होते आणि ऊन व उष्णता त्या थराला मानवत नाही. बार्शीचा मे महिना आणि पत्र्याचा डबा यांचा विचार करता सातांपैकी सहा भाग शाबूत राहिले, हेच नशीब.

आणखी एक गोष्ट येथे समजते. संगणकाच्या फाइली ज्या सीडीवर असतात, तिच्या प्रत्येक 2,352 बाइटांच्या तुकड्यात माहितीला 2,048 बाइटच दिले जातात. उरलेले 304 पत्त्यासाठी आणि चूक पकडून दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. बँकेत ठेवींमागे राखीव निधी असतो तसे हे. गाण्यांच्या सीडीत हा राखीव निधी काढून तीही जागा आवाजाला दिलेली असते. थोडीबहुत चूक आली तर प्लेअर मागचा-पुढचा अंदाज घेऊन खड्डा बुजवतो, पण खड्डा मोठा असला तर शांतता उरते.

मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसून, तीनदा प्रयत्न करून पाचवा भाग उतरला. त्यात अकरा सेकंद काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी आजींच्या खोलीत सर्व जमले. फाइली खालच्या संगणकावर, लॅपटॉप आजींच्या पलंगाशेजारी. आवाज सुरू झाला तेव्हा पहिल्या वाक्यावर कोणी काही बोलले नाही. बाबूजींचा तो थोडा बसका आवाज, मध्येच तपकीर ओढल्यासारखा थांबणारा. रुमालाखालच्या सौद्याच्या गोष्टीवर नातवंडे हसली. पाचव्या भागात त्यांनी सांगायला घेतले की दुकान सुरू केले त्या वर्षी पाऊस पडला नाही, पेठेत कोणी उधार देईना, तेव्हा एका गृहस्थाने कागद न करता पाचशे रुपये हातावर ठेवले. त्यांचे नाव… आणि तेथे ती अकरा सेकंदांची शांतता आली.

पुतण्या लॅपटॉपकडे धावला. आजी म्हणाल्या, “राहू दे.” मग त्यांनी ते नाव सांगितले, गावही सांगितले आणि पैसे परत करायला बाबूजी चालत गेले होते हेही सांगितले, जे ध्वनिमुद्रणात कोठेच नाही. थोरल्या मुलाने ते सारे त्याच वेळी चालू वर्षाच्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवले.

पुढचे दोन आठवडे काम चालले. फाइली असलेल्या तबकड्या वरच्या लॅपटॉपवरून नेटवर्कनेच उतरवल्या गेल्या, आवाजाच्या खालीच रिप केल्या गेल्या. प्रत्येक फाइलीचा आकार पाहून आणि आरंभ, मध्य, शेवट असे तीन ठिकाणी वाजवून मगच तिच्यापुढे खूण करायची, असा धाकट्या सुनेचा नियम होता. एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर राहिली, दुसरी पुण्याच्या लेकीकडे गेली. मूळ तबकड्या भंगारात दिल्या नाहीत. त्या उभ्या ठेवता येतील अशा डब्यांतून आतल्या खोलीतील थंड कपाटात गेल्या, आणि नाव लिहायचेच असेल तर मऊ टोकाच्या पेनाने, मधल्या पारदर्शक कड्यावर.

तेहतीसपैकी तीस उतरल्या. एक कोरीच निघाली. उरलेल्या दोनपैकी एक ड्राइव्ह ओळखतच नाही. दुसरीवर नुसते ‘घर’ असे लिहिले आहे आणि ती फिरताना आवाज करते. पुण्याच्या लेकीकडचा ड्राइव्ह वेगळ्या बनावटीचा आहे. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसरा कधी कधी वाचतो, म्हणून त्या दोन्ही रविवारी पुण्याला निघालेल्या पुतण्याच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत.